पाटी अग्रिप्पाची, विटा हेड्रियनच्या

मागच्या वर्षी आमच्या सोसायटीची शेवटची मोठी मीटिंग झाली, म्हणजे रिडेव्हलपमेंटसाठी बिल्डिंग पाडायच्या आधीची, तिच्या अजेंड्यावर नववा विषय होता 'कोनशिलेबाबत निर्णय घेणे'. आधीच्या आठ विषयांना तीन तास लागले. कॉर्पस (म्हणजे बिल्डर देतो ती एकरकमी रक्कम) किती, भाडं किती महिन्यांचं आगाऊ, पार्किंग स्टॅकचं की पोडियमचं, ह्यावरून इतकी भांडणं झाली की नववा विषय येईस्तोवर अर्धी माणसं घरी जाऊन जेवायला बसली होती. मी बसून राहिले, कारण त्या कोनशिलेवर बाबांचं नाव आहे.

ठाण्याच्या नौपाड्यातली तळमजला अधिक तीन मजल्यांची बिल्डिंग, १९७८ सालची. आत शिरलं की डाव्या हाताला मीटरची पेटी आणि तिच्या शेजारी भिंतीत बसवलेली पांढऱ्या संगमरवराची लादी. वर श्री, खाली सोसायटीचं नाव, रजिस्ट्रेशन नंबर, साल आणि सात प्रवर्तकांची नावं. बाबा पाचवे. त्यांच्या वडिलांचं आद्याक्षर मात्र चुकलंय, 'गो.' च्या जागी नुसता 'ग.' कोरलाय, आणि बाबा गेले तोपर्यंत, म्हणजे चाळीसेक वर्षं, जाता-येता पाहुण्यांना दाखवायचे, "हे बघा, आमचा बाप बदलला ह्यांनी."

तर बिल्डरचा माणूस म्हणाला की नवीन लॉबीत इटालियन मार्बल येणार आहे, त्यात ही जुनी लादी सूट होणार नाही, आपण ग्रॅनाइटची नवीन करू आणि आत्ताच्या कमिटीची नावं टाकू. कमिटीचे चेहरे लगेच खुलले. मी हात वर केला आणि म्हटलं, इटालियनचंच बोलताय तर रोममध्ये एक इमारत आहे, तिथे... आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "अगं रोम राहू दे, आधी ड्राय बाल्कनीचं विचार त्यांना."

तिथे बोलायचं राहिलं ते इथे लिहितेय. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही दोघं युरोपला गेलो होतो, आपली ती नेहमीची ग्रुप टूर, सकाळी सहाला बॅगा खाली आणि दुपारच्या जेवणाला फ्लॉवर-बटाट्याची भाजी. रोमच्या वाट्याला दीड दिवस आला, त्यातला कोलोसियमने बराचसा खाल्ला आणि पँथिऑनला, म्हणजे मी मीटिंगमध्ये सांगणार होते त्या जुन्या रोमन देवळाला, मिळाली चाळीस मिनिटं. तिकीट तेव्हा पाच युरो, तेही २०२३ च्या जुलैपासूनच सुरू झालंय, त्याआधी फुकट होतं, म्हणजे आम्ही नेमके एका वर्षाने चुकलो. अरुंद गल्ल्यांमधून छत्री उंच धरलेल्या टूर मॅनेजरच्या मागे धावत होतो आणि गल्ली अचानक संपली आणि समोर हे एवढं मोठं काळपट धूड उभं. मागे-पुढे मोकळी जागा अशी फार नाहीच, शहर त्याला चिकटून वाढलंय, आपलं कौपिनेश्वराचं देऊळ कसं बाजाराच्या गर्दीत आहे, तसंच.

दर्शनी भागावर ढळढळीत मोठ्या अक्षरांत लिहिलंय: एम. अग्रिप्पा एल. एफ. कॉस. टर्टियम फेसिट. म्हणजे लुसियसचा मुलगा मार्कस अग्रिप्पा, तिसऱ्यांदा कॉन्सल (वर्षभरासाठी नेमलेला रोमचा सर्वोच्च अधिकारी) असताना, ह्याने बांधलं. बापाचं आद्याक्षर त्यांच्यातही घालायची पद्धत होती हे बघून मला तिथल्या तिथे बाबा आठवले. (त्यांच्या कारागिराने चूक केलेली नाही.)

आता गंमत अशी की समोर जी इमारत उभी आहे ती अग्रिप्पाने बांधलेलीच नाही.

अग्रिप्पा म्हणजे सम्राट ऑगस्टसचा उजवा हात, जिवलग दोस्त आणि पुढे जावई. अँटनी आणि क्लिओपात्राला ॲक्टियमच्या लढाईत ज्याने समुद्रावर हरवलं तो खरं म्हणजे हा, श्रेय ऑगस्टसला गेलं ते सोडा. त्याची तिसरी कॉन्सलशिप इसवी सनपूर्व २७ ची, आणि त्याच सुमारास त्याने इथे पहिलं पँथिऑन बांधलं. ते इसवी सन ८० मध्ये रोमला मोठी आग लागली त्यात जळलं. डोमिशियन नावाच्या सम्राटाने पुन्हा बांधलं, तेही ११० साली वीज पडून जळलं. मग ११७ मध्ये हेड्रियन गादीवर आला आणि त्याच्या कारकिर्दीत, साधारण १२५ च्या आसपास, आज दिसतं ते तिसरं पँथिऑन पुरं झालं. जगात तोपर्यंत कोणी केला नव्हता एवढा मोठा घुमट. आणि पाटी कोणाची लावली? दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाची. स्वतःचा उल्लेख कुठेही नाही.

आपल्याकडे बघा, ठाण्यात बसस्टॉपच्या शेडवर, बागेतल्या बाकड्यावर, सार्वजनिक शौचालयावरसुद्धा 'यांच्या निधीतून', 'यांच्या प्रयत्नांतून', फोटोसकट. बाकडं तीन माणसांचं आणि नावं पाच.

आणि हेड्रियनची ही पाटी इतकी पटण्यासारखी निघाली की लोक फसले. पुढे जेमतेम शंभर वर्षांनी कॅसियस डिओ नावाच्या रोमन इतिहासकाराने लिहून ठेवलं की पँथिऑन अग्रिप्पाने पुरं केलं, आणि त्याच वाक्यांच्या ओघात वर्णन करतो तो हा घुमटवाला, म्हणजे हेड्रियनचा. (सर्व देव म्हणून पँथिऑन हे नाव तर आहेच, पण डिओचं स्वतःचं मत असं की हा घुमट आकाशासारखा दिसतो म्हणून ते नाव पडलं असावं. मला ते आवडलं.) अख्ख्या रोमला माहीत असलेली इमारत, आणि चार पिढ्यांत बांधणाऱ्याचं नाव पुसलं गेलं, कशामुळे तर पाटीमुळे.

सत्य बाहेर आलं ते १८९२ मध्ये. जॉर्ज शेदान नावाच्या फ्रेंच आर्किटेक्टने आतल्या विटा तपासल्या. रोमन वीटभट्टीवाले ओल्या विटेवर शिक्का मारायचे, कुठल्या मालकाच्या भट्टीची, कोणी बनवली, आणि काही वर्षी तर त्या सालच्या कॉन्सलांची नावंसुद्धा, म्हणजे एक प्रकारे मॅन्युफॅक्चरिंग डेट. (ह्या भट्ट्या कोणाकोणाच्या होत्या बघायला गेलं तर मार्कस ऑरेलियस ह्या पुढच्या सम्राटाच्या आईच्यासुद्धा होत्या, वीटभट्टी हा तिथे प्रतिष्ठित घराण्यांचा धंदा!) तर पँथिऑनच्या पोटातल्या विटांवर शिक्के निघाले हेड्रियनच्या काळातले. आता अलीकडे पुन्हा तेच शिक्के तपासून काही अभ्यासक म्हणतात की काम हेड्रियनच्या आधीच्या ट्राजनच्या शेवटच्या वर्षांतच सुरू झालं असावं आणि हेड्रियनने ते तडीस नेलं. काहीही असो, अग्रिप्पा तेव्हा मरून सव्वाशे वर्षं झाली होती.

मला आधी वाटलं, हेड्रियन किती मोठ्या मनाचा माणूस. त्याच्या जुन्या चरित्रात म्हटलंय की त्याने एवढ्या इमारती बांधल्या पण ट्राजनच्या, म्हणजे दत्तक बापाच्या देवळाशिवाय कशावरही स्वतःचं नाव घातलं नाही. वाचून डोळे पाणावले बिणावले. मग घरी येऊन जरा जास्त वाचलं तर कळलं की हा दत्तक प्रकारच संशयाचा होता. ट्राजनने मरतामरता ह्याला दत्तक घेतलं असं जाहीर झालं, लोकांत कुजबुज होती की हे सगळं ट्राजनच्या बायकोने जुळवून आणलं, आणि हेड्रियन गादीवर बसल्याबसल्या चार वजनदार माजी कॉन्सलांना ठार करण्यात आलं. सिनेट खवळलेली. अशा वेळी रोमच्या मधोमध 'मी बांधलं' लिहिण्यापेक्षा 'अग्रिप्पाने बांधलं' लिहिणं, म्हणजे थेट ऑगस्टसच्या सोनेरी दिवसांशी नाळ जोडणं, जास्त फायद्याचं नाही का? मी काही नवीन करत नाहीये बाबांनो, जुनंच जपतोय. राजकारण्याला नम्रपणा परवडतो तेव्हा त्यात हिशोब असतोच. तरी पण मी म्हणेन की हिशोबाने का होईना, नाव दुसऱ्याचं लावलं ना, आमच्या कमिटीला तेवढाही हिशोब जमला नाही.

पुढचा किस्सा तर अस्सल सोसायटीचाच वाटतो. २०२ साली सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस आणि त्याचा मुलगा कॅराकॅला ह्यांनी पँथिऑनची डागडुजी केली आणि अग्रिप्पाच्या पाटीखाली बारीक अक्षरांत दोन लांबलचक ओळी कोरून घेतल्या, सगळ्या पदव्यांसकट, की जुनं होऊन मोडकळीला आलेलं पँथिऑन आम्ही नीट केलं. बांधणारा गप्प आणि रंगकाम करणारे बोलतायत. आमच्याकडे २००९ मध्ये बाहेरून प्लास्टर आणि पेंटिंग झालं तेव्हा लादीच्या खाली ऑइल पेंटने कमिटीची नावं आली होती, तेव्हा मला सेव्हेरस माहीत नव्हता.

बरं, आत गेलो. त्या दिवशी पाऊस होता, आणि हे आमचं नशीब असं मी म्हणते, कारण त्या घुमटाला वर मधोमध आठ-नऊ मीटरचं उघडं भोक आहे, काच नाही, झाकण नाही, काही नाही. पाऊस सरळ आत पडत होता, बारीक, वाऱ्याने थोडा तिरका झालेला, आणि वरून येणाऱ्या उजेडात तो पडताना दिसत होता. मधली जागा दोऱ्या लावून बंद केली होती आणि लोक कडेने उभे राहून वर बघत होते, एकाही माणसाचं तोंड मिटलेलं नव्हतं. मी खाली बघितलं. आम्ही ठाणेकर, आमचं लक्ष आधी पाणी कुठे जातंय तिकडे. जमीन मधे अगदी किंचित फुगीर आहे आणि फरशीत छोटी छोटी भोकं आहेत, २२, त्यातून पाणी खालच्या जुन्या गटारात जातं. नवरा म्हणाला, "आपल्या टेरेसचा उतार असा काढला असता तर." जवळजवळ १९०० वर्षं पाऊस आत पडतोय आणि इमारत उभी आहे, आणि आमचा चौथ्या वेळचा वॉटरप्रूफिंगचा खर्च दोन पावसाळे टिकला.

घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आणि जमिनीपासून त्या भोकापर्यंतची उंचीही तेवढीच. म्हणजे ४३ मीटरचा चेंडू आत बरोब्बर बसेल, किंवा आपल्या भाषेत, चौदा मजली टॉवर उभा पण मावेल आणि आडवा पण. आणि हे सगळं काँक्रीटचं, आत लोखंडाची एक सळई नाही. सळई नसलेला ह्याहून मोठा काँक्रीटचा घुमट आजही जगात कुठे नाही. कसं जमलं, तर खडीत. तळाच्या थरांत जड दगडाची खडी, वर जावं तसतसे हलके दगड आणि विटांचे तुकडे, आणि अगदी माथ्याला प्युमिस, म्हणजे तो टाच घासायचा सच्छिद्र दगड, ज्वालामुखीतला. जाडीही खाली सहा मीटरच्या वर आणि भोकाजवळ सव्वा मीटरच्या आसपास. आतून जे चौकोनी खण दिसतात, पाच रांगा, प्रत्येकीत २८, त्यानेही वजन घटतं. आणि चुन्यात मिसळायची ज्वालामुखीची राख, पोझोलाना, ती तिथे घराबाहेर पडलं की मिळते. आपणही ज्वालामुखीच्याच दगडावर बसलोय म्हणा, पण आपल्या वाट्याला काळा कातळ आला.

२०२३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या लोकांनी रोमजवळच्या एका जुन्या गावच्या तटबंदीचं काँक्रीट तपासलं, त्यात पांढऱ्या चुन्याचे बारीक गोळे होते. आधी वाटायचं की हे नीट न कालवल्याची खूण आहे. ह्यांचं म्हणणं असं की कळीचा चुना गरम गरमच कालवल्यामुळे ते गोळे राहतात आणि पुढे कधी तडा गेला, त्यात पाणी शिरलं, की तोच चुना विरघळून तडा भरून काढतो. म्हणजे गळती हेच औषध! हे मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं होतं, दोन अंगठे आणि एक गुड मॉर्निंग आलं.

आणि तडे काय, पँथिऑनच्या घुमटालाही आहेत हो, खालून वर गेलेले उभे तडे, पार जुने. तो त्यांच्यासकट उभा आहे, कमानी एकमेकींना टेकून उभ्या राहतात तसा. आमच्या स्ट्रक्चरल ऑडिटच्या रिपोर्टात मात्र 'तडे' हा शब्द आला आणि सगळं संपलं. अर्थात आमचं दुखणं वेगळं. आमच्यात सळ्या आहेत, खाडीकडची दमट हवा, पाणी आत गेलं, सळई गंजली, गंजली की फुगते, फुगली की बाहेरचं काँक्रीट फोडून येते. आमच्या बेडरूमच्या स्लॅबचा पोपडा पडला ना, तेव्हा आत सळई अशी तांबडी दिसत होती, बोट लावलं तर पापुद्रे निघत होते. ज्या लोखंडाने ताकद द्यायची तेच आतून खातंय.

पण नुसत्या काँक्रीटने इमारत टिकत नाही, लुटायला माणसं आहेतच. ६०९ मध्ये पोपने पँथिऑनचं चर्च केलं, बायझंटाइन सम्राट फोकासने ते देऊन टाकलं होतं, आणि माझ्या मते तिथेच ते वाचलं, कारण वापरात राहिलं. रोमची बाकी देवळं दगडाच्या खाणी होऊन गेली. आपला ठाण्याचा किल्ला बघा, तुरुंग झाला म्हणून तट उभे आहेत, नाहीतर एव्हाना तिथे तीन टॉवर आणि एक मॉल असता. चर्च झालं तरी लचके तुटतच होते. ६६३ मध्ये दुसरा कॉन्स्टन्स नावाचा सम्राट आला, बारा दिवस पाहुणा म्हणून राहिला आणि जाताना छताचे ब्राँझचे पत्रे काढून घेऊन गेला. आणि १६२५ च्या सुमारास बार्बेरिनी घराण्यातल्या आठव्या अर्बन पोपने पुढच्या पोर्चच्या छतातलं ब्राँझ उतरवून वितळवलं, बहुतेक सगळ्याच्या तोफा केल्या. तेव्हा रोममध्ये म्हणच पडली, 'बार्बेरियनांनी (म्हणजे रानटी टोळ्यांनी) केलं नाही ते बार्बेरिनींनी केलं.' लॅटिनमध्ये तर ती आणखी ठसकेबाज आहे. ह्याच पोपच्या काळात पोर्चवर दोन घंटाघरं चढवली, लोक त्यांना गाढवाचे कान म्हणायचे, ती एकोणिसाव्या शतकात उतरवली एकदाची. राफाएल ह्या चित्रकाराला १५२० मध्ये इथेच पुरलं आणि पुढे इटलीचे दोन राजेही.

पोर्चचे खांब सोळा, प्रत्येक खांब अखंड ग्रॅनाइटचा, सुमारे बारा मीटर उंच, इजिप्तमधल्या खाणींतून काढून मग नाईलमार्गे बोटीने. पण पोर्चच्या मागच्या भिंतीवर, आहे त्या त्रिकोणाच्या वर, अजून एका त्रिकोणाची अर्धवट खूण आहे. काही आर्किटेक्टांचा तर्क असा की ऑर्डर पन्नास फुटी खांबांची होती, पोचले चाळीस फुटी, मग पोर्च खाली घेतला. आमच्या बिल्डिंगच्या खिडक्यांची अशीच कथा बाबा सांगायचे, ग्रिल आल्या त्या सहा इंच आखूड, मग विटांची एक ओळ चढवली, आणि ती ओळ शेवटपर्यंत वेगळी दिसत होती.

तर मीटिंगमध्ये काय झालं ते राहिलंच. ड्राय बाल्कनीचं उत्तर मिळाल्यावर काकांनीच पुन्हा विषय काढला, म्हणाले ती काय रोमचं सांगत होती ते सांगू दे. मी दोन मिनिटांत सांगितलं, हेड्रियन, अग्रिप्पा, विटा. सगळे शांत. मग सेक्रेटरी म्हणाले, "म्हणजे नवीन पाटीवर जुनीच नावं?" मी म्हटलं हो. मग ठराव झाला तो असा, की जुनी लादी सुरक्षित ठेवावी व नवीन इमारतीत योग्य ठिकाणी बसवण्याचा विचार करावा. 'योग्य ठिकाणी' आणि 'विचार करावा' म्हणजे काय हे ठाण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. सुरक्षित कोणी ठेवायची, तर जिने विषय काढला तिने.

पाडकाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी गवंडी आला. छिन्नीने कडेकडेने सुटी करत दीड तास लागला, एक कोपरा गेला, नावांना काही झालं नाही. मागे भिंतीत उघड्या विटा दिसल्या. मी त्याला म्हटलं भाऊ, एक वीट अख्खी काढून दे. त्याने माझ्याकडे बघितलं, काही बोलला नाही, काढून दिली. विटेच्या खळग्यात चुना-सिमेंट बसलेलं, घरी आणून जुन्या टूथब्रशने घासलं तर आत तीन अक्षरं निघाली, इंग्रजी, त्यातलं मधलं झिजलेलं. कुठल्यातरी भट्टीवाल्याचं नाव. आईला विचारलं तर म्हणाली तेव्हा विटा भिवंडीकडून यायच्या ट्रकने, आणि बाबा सुट्टीच्या दिवशी उभं राहून मोजून घ्यायचे, ट्रकमागे पंधरा-वीस फुटक्या निघाल्या की भांडायचे. हे मला माहीतच नव्हतं. लादीवर पाचव्या नंबरला नाव आहे एवढंच माहीत होतं.

आईचं आता एकच म्हणणं आहे, नवीन करतील तेव्हा त्या 'ग' चा 'गो' करून घे. भाऊ म्हणतो अजिबात नाही, बाबांचा जोक जाईल. माझं ठरत नाहीये, आणि पझेशनला अजून तीन वर्षं आहेत, बिल्डरच्या हिशोबाने तीन.

तोवर लादी कोलशेतच्या ह्या भाड्याच्या घरात पलंगाखाली आहे, गोणपाटात गुंडाळलेली, झाडताना दर वेळी झाडू आपटतो. वीट बाल्कनीत आहे, आईच्या तुळशीच्या कुंडीखाली, ती कुंडी डुगडुगत होती.